कोपऱ्यातलं नाव

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात सहाच्या ठोक्याला ताई पर्स उचलायची आणि शेजारच्या टेबलावरच्या सिनियरच्या पोटात दुखायला लागायचं. साहेबांची एवढी बोलणी खाऊन हिला झोप तरी कशी लागते?

"यज्ञात आहुती टाकताना 'हे माझं नव्हे' म्हणतात ना, नकाशा पाठवताना मी तेच म्हणते," ती हसून सांगायची.

माझं नव्हे म्हणे! बघतोच. एकदा त्यानं तिच्या नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव खोडून स्वतःचं टाकलं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. सगळ्यात जोरात टाळ्या ताईनंच वाजवल्या, त्याही मनापासून. त्याचा नुसता जळफळाट झाला.

"आता या नकाशात हे पंधरा बदल आजच करून द्या," साहेब त्याला म्हणाले.

सहा वाजले. ताईनं पर्स उचलली.