डोक्यावर उभा संत

संत अंतोनियो हरवलेलं शोधून देतो, पण धाक दाखवल्याशिवाय हलत नाही, हे त्या डोंगरगावातल्या सगळ्याच बायकांना ठाऊक होतं. म्हणून लेक लढाईवर गेला त्याच दिवशी नुन्झियाताने कोनाड्यातला लाकडी अंतोनियो डोक्यावर उभा केला. "माझ्या जर्वाझिओला घरी आण, मग सरळ करते," तिने बजावलं.

चौथ्या वर्षी जर्वाझिओ दारात उभा राहिला. एक कान अर्धा गेलेला, बाकी धडधाकट. नुन्झियाता रडली, हसली, आणि धावत जाऊन तिने संताला पायांवर उभं केलं.

"थांब आई, हा राहिलाच की!" जर्वाझिओने खिशातून अंगठ्याएवढी पितळी डबी काढली. जाताना तिनेच दिली होती. झाकण फिरवून त्याने आतला इवलासा अंतोनियो टेबलावर ठेवला. "खंदकात पोचल्या पोचल्या मी याला उलटा घातला होता. म्हटलं, घरी ने, मग सरळ करतो."

नुन्झियाताने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, तरीच चार वर्षं लागली! इथंही डोक्यावर, तिथंही डोक्यावर. त्या बिचाऱ्याला वाट दिसणार कशी?"