घंटागाडीची वेळ

पियानोची ओळखीची धून गल्लीच्या तोंडाशी वाजली, तसे वान-रूने हेडफोन ओढून काढले आणि खुर्ची मागे सारली.

"मॅडम, दोन मिनिटं. घंटागाडी आली."

पडद्यावरच्या फान मॅडम काही म्हणायच्या आत ती स्वयंपाकघरात पोचली होती. एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात खरकट्याची बादली, पायात सापडल्या त्या सपाता. तीन मजले उतरून ती खाली आली तेव्हा अख्खी आळी पिशव्या सांभाळत उभी होती. तैवानातल्या या चांगहुआ शहरात गाडी कुणासाठी खोळंबत नाही, आपणच तिच्या वेळेला हजर राहायचं. चुकली तर खरकटं घरात आंबत ठेवायचं आणि वर आईची बोलणी खायची.

धापा टाकत ती परत आली. फान मॅडम तशाच बसल्या होत्या, शांत. त्यांचा तो शांत चेहरा पाहिला की वान-रूचं डोकं उठायचं.

"कुठे होतो आपण?" तिनेच विचारलं. "माझ्या दातांपाशी ना?"

दातांपासूनच हे सगळं सुरू झालं होतं. झोपेत ती दात इतके करकचून आवळायची की एक दाढ चिरली. डॉक्टरने दाढेवर टोपी बसवली आणि म्हणाला, दात मी नीट करीन, पण तुम्ही ते का आवळताय हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी खोलीचं दार लावून ती ताइपेतल्या या समुपदेशक बाईंशी बोलायची. आईला तिने सांगितलं होतं की इंग्रजीचा क्लास आहे.

"नाही," फान मॅडम म्हणाल्या. "तुम्हांला काय हवंय, असं मी विचारलं होतं. मी हे विचारते आणि दर वेळी गाडी येते."

"गाडी काय मी बोलावते?"

"गाडी नाही. पण ही वेळ तुम्ही मागून घेतलीत. मी बुधवार दिला होता. बुधवारी तुमच्याकडे गाडी नसते, हे तुम्हीच मला सांगितलंय."

वान-रूला संताप आला. तुमच्या उंच इमारतीत तळाशी कचऱ्याची खोली असते, हवं तेव्हा लिफ्टने उतरावं आणि टाकून यावं, तुम्हांला काय जातंय बोलायला. हे ती बोलूनही दाखवणार होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. उत्तराची वाट न बघता आई पेरूच्या फोडींची बशी घेऊन आत आली.

"अ-रू, तुझा मास्तर जेवला का?"

"आई, क्लास चालू आहे."

"क्लासात खाल्लं तर बाटतं का काही? मीठ लावलंय. आणि तीन जिने धावत जाऊ नकोस, हाडं मोडून घेशील. तुझे बाबा कसे, सावकाश जायचे."

"बाबा गाडी यायच्या आधीच खाली जाऊन उभे राहायचे. मला धावायला लागतं."

"मग उगाच तोंड वेंगाडून धावू नकोस."

आई गेली. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ती कचऱ्यासाठी खाली उतरली नव्हती. भाऊ कॅनडात. रविवारी तो पडद्यावर दिसायचा, आईला काळजी घे म्हणायचा, आणि आई पुढचे दोन दिवस शेजारी त्याचं कौतुक सांगत फिरायची.

"बघितलंत?" वान-रू म्हणाली. "हे असं आहे."

फान मॅडमनी मान हलवली. पण वान-रूने जे सांगायला हवं होतं ते काही सांगितलं नाही. ती नळ बनवणाऱ्या कंपनीत हिशेब बघायची. कंपनी तिला ताइपेच्या ऑफिसात विभागप्रमुख करायला तयार होती आणि येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आईला तिने सांगितलं नव्हतं. आणि ज्या बाईला सगळं सांगण्यासाठीच ती इथे बसायची, तिलाही नाही. चिरलेल्या दाढेबद्दल मात्र ती तासभर बोलू शकायची.

पुढच्या गुरुवारी फान मॅडमनी तोच प्रश्न लवकर विचारला. वान-रूने ऑफिसातल्या राजकारणाचं काढलं, मग झोपेचं, मग उकाड्याचं. नजर घड्याळाकडे जात होती आणि ती जातेय हे तिला कळत होतं. शेवटी धून वाजली. इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

"आलेच," म्हणत ती उठली.

स्वयंपाकघरात पिशवी नव्हती. बादलीही नव्हती. दाराशी आईच्या चपला नव्हत्या.

ती धावत गॅलरीत गेली आणि लोखंडी जाळीतून खाली पाहिलं. आई गर्दीत उभी होती. शेजारच्या मेइ-यूए काकू तिच्या हातातली पिशवी घेऊ पाहत होत्या आणि आई त्यांना कोपराने ढकलत होती. गाडी समोर आली तशी तिने पिशवी आत भिरकावली. बादली गाडीमागच्या खरकट्याच्या पिंपात उपडी केली, कडेवर दोनदा आपटून झटकली आणि काकूंना काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या.

वान-रू खोलीत परतली.

"काय झालं?" फान मॅडमनी विचारलं.

"तिला जमतं."

"कोणाला?"

"आईला. खाली आहे ती. हसतेय. तीन वर्षं मी ऑफिसातून धावत येतेय, मैत्रिणींबरोबर जेवायला थांबत नाही, ताप असला तरी उतरतेय, आणि हिला जमत होतं."

"राग आलाय तुम्हांला."

"नको यायला?"

"यायलाच हवा. पण हे कळल्यावर फक्त रागच आला का?"

जिन्यावर आईची पावलं वाजू लागली होती. एक पायरी, मग विसावा. पुन्हा एक. प्रत्येक मजल्यावर ती बराच वेळ थांबत होती. वान-रू दाराकडे बघत बसली. उठून हात द्यावा असं फार वाटत होतं, आणि उठले तर पुन्हा इथे बसणं होणार नाही, हेही कळत होतं. ती उठली नाही. जबडा इतका आवळला गेला की कानापर्यंत कळ गेली.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. बादली मोरीत ठेवल्याचा आला. आता टकटक होणार, आता आई आत येऊन गुडघ्याची कहाणी ऐकवणार, म्हणून ती सरसावून बसली.

टकटक झाली नाही. आईची पावलं दाराशी आली आणि थबकली.

"तीन महिने झाले," आई बाहेरूनच म्हणाली. "इंग्रजीचा एक शब्द कानावर आला नाही. भिंती काय आहेत या घराच्या, कागदच."

आईबद्दल इतके दिवस काय काय बोलून झालं होतं, ते वान-रूला एकदम आठवलं.

पावलं पुढे गेली. मग बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला. कुठल्याशा मालिकेतली सासू कोणावर तरी ओरडत होती. तिचा आवाज वाढला, आणखी वाढला, इतका की टेबलावरच्या कपातलं पाणी हललं.

"फार आवाज येतोय तिकडून," फान मॅडम म्हणाल्या. "कमी करायला सांगता का?"

"नाही," वान-रू म्हणाली. "तिने तो माझ्यासाठी मोठा केलाय."

तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, मला सोमवारी एक उत्तर द्यायचंय. आईला जमणार नाही म्हणून मी थांबलेय, असं मी सगळ्यांना सांगणार होते. खरं तसं नाही. मी एकटी राहायला घाबरते. चाळिशी उलटली तरी घाबरते. आणि तरी मला ताइपेला यायचंय."

हे सगळं तिने नेहमीच्या आवाजात सांगितलं, कुजबुजावं लागलं नाही.