मंगलाची परवानगी

बडा गणपती मंदिराजवळच्या त्या तीन मजली इमारतीतले सगळे फ्लॅट लीजवर होते. जमीन अप्पासाहेबांची. ती त्यांनी कधीच विकली नाही. बिल्डरलासुद्धा लीजवरच दिली. मुदत संपत आली तशी वरच्या मजल्यांवरच्या लोकांना त्यांनी काही न विचारता सह्या करून दिल्या. फक्त तळमजल्यावरच्या नीरज आणि यामिनीला फोनवर सांगितलं, "तुमच्याकडे मी स्वतः येईन. मग बघू."

"लीज रिन्यू करायचीय, सोयरीक नाही जुळवायची," नीरज वैतागून म्हणाला.

यामिनी सकाळच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी घरी एकटीच असायची. स्वयंपाकघरात भांडी घासताना तिला फरशीखालून आवाज यायचा, कळशी पाण्यात बुडून हळूहळू भरत जावी तसा. नीरज म्हणायचा, "नर्मदेच्या पाण्याची लाइन असेल यार, प्रेशर येत असेल." पण नर्मदेचं पाणी त्यांच्याकडे पहाटेच येऊन जायचं.

अप्पासाहेब रविवारी दुपारी गौतमपुऱ्याहून गाडीने आले. ऐंशीच्या पुढचे, सडपातळ, ताठ. हॉलकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"इथे आमची विहीर होती," ते म्हणाले. "माझी धाकटी बहीण मंगला तिच्यात पडली. लहान होती हो, परकर-पोलक्यातली. गळ टाकले, उज्जैनहून पाणबुडे आणले. सापडलीच नाही. शेवटी वडिलांनी विहीर बुजवली."

नीरज म्हणाला, "मग वर बिल्डिंग कशाला बांधू दिलीत?"

"एकटी पडली असती ती. माणसांची चाहूल हवी होती तिला. पण जागा विकू कशी? तिची आहे. म्हणून लीज. मुदत संपली की तिला विचारतो."

त्यांनी तळहात फरशीवर टेकला. "मंगला, हे लोक आणखी राहू म्हणतात. राहू देऊ?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो आवाज आला. या वेळी नीरजनेही ऐकला. त्याने झटकन नळाकडे पाहिलं. नळ बंद होता, खालचं सिंक कोरडं होतं.

अप्पासाहेब मान तिरकी करून ऐकत होते. मग यामिनीला म्हणाले, "तुम्ही दुपारी गाणं म्हणता का?"

"गुणगुणते. काम करताना."

"तिला आवडतं ते. पण म्हणते, बाई माझ्याशी बोलत नाहीत."

यामिनी फरशीवरून एक पाऊल मागे सरकली.

"सही मी आत्ता करतो," अप्पासाहेब म्हणाले. "पण आता माझा काय भरवसा? मी गेल्यावर तिच्याशी कोणी तरी बोलायला हवं. दोन शब्द, बस. हे काही कागदावर लिहीत नाही मी."

नीरजने यामिनीला गॅलरीत नेलं. "म्हातारा सटकलाय. आवाज कशाचाही असेल. तू हो म्हणून टाक ना, सही होऊन जाईल."

"हो म्हटलं तर बोलावं लागेल, नीरज."

तरी आत जाऊन ती हो म्हणाली. पुढच्या आठवड्यात लीजची रजिस्ट्री झाली.

पहिल्या दुपारी तिला स्वतःचंच हसू येत होतं. "आज भरली वांगी केलीयत," ती फरशीला म्हणाली. खालून आवाज आला, नेहमीपेक्षा जवळून. मग ती रोज बोलू लागली. शाळेतल्या गमती, उन्हाळा, शेजारच्यांची भांडणं. भीती हळूहळू ओसरली. नीरजला कधी न सांगितलेल्या गोष्टीही ती तिथे बसून सांगू लागली. मूल नसल्याची गोष्ट तिने तिथेच पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली.

थंडीत अप्पासाहेब गेल्याचा फोन आला. नीरज अंत्ययात्रेला गौतमपुऱ्याला गेला. यामिनी दुपारी फरशीवर बसली. लहान मुलीला सांगावं तसं हळू आवाजात तिने सांगितलं, "मंगला, तुझे दादा गेले गं."

पाण्याचा आवाज आला नाही. मग अगदी तिच्या गुडघ्यापाशी, टाइलच्या लगेच खालून, एक कोवळा, स्वच्छ आवाज आला.

"मालूम आहे. दादा इथेच आलाय." जरा थांबून तो आवाज म्हणाला, "आता आम्हाला जागा पुरत नाही."

यामिनी उठली. चपला न घालताच बाहेर पडली आणि नीरज येईपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिली. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि तिला तसंच तिथून नेलं. ती रात्र त्यांनी त्याच्या मावशीकडे काढली. सामान न्यायला नीरज एकटाच गेला, तोही चार माणसं सोबत घेऊन.

तेरावा झाल्यावर तो लीज परत करायला अप्पासाहेबांच्या मुलाकडे, शंकररावांकडे गेला. शंकररावांनी किल्ल्या घेतल्या. "बाबा सांगून गेलेत," ते म्हणाले, "हा फ्लॅट सुटला तर पुन्हा कोणाला द्यायचा नाही."

आता ते दोघं दुसऱ्या कॉलनीत, चौथ्या मजल्यावर राहतात. सुटल्याचं समाधान आहे, पण शब्द मोडल्याची बोचही यामिनीला आहे. दुपारी काम करताना कधी तरी तिच्या तोंडून एखादं वाक्य निघून जातं. मग ती हातातलं भांडं तसंच धरून उभी राहते, आणि उत्तर येत नाही याची खात्री होईपर्यंत हलत नाही.