आवाज निवडा

“आई, तू मध्ये बोलू नकोस, तुला त्यातलं कळत नाही,” असं म्हणून मुलाने जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी मांडले. एक त्याचा स्वतःचा, दुसरा मित्राकडून मागून आणलेला. ह्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, यातला कुठला घ्यायचा ते ठरवायचं होतं. दोन्ही अँड्रॉइड आणि दोन्ही आपापल्या कंपनीचे सगळ्यात महागडे. त्याच्या भाषेत फ्लॅगशिप.

मी ताटं हातात घेऊन उभी होते. ठेवायला जागा नव्हती.

“हा कॅमेऱ्यात बाप आहे,” तो म्हणाला. “चंद्राचा फोटो काढला तर खड्डेसुद्धा दिसतात. तो बॅटरीत पुढे. शिवाय त्याला अपडेट कितीतरी वर्षं मिळत राहणार.”

“चंद्रावरचे खड्डे बघून बाबा काय करणार? त्यांना न्हाणीघराचा उंबरा दिसला तरी पुरे.”

“मुद्दा कॅमेऱ्याचा नाहीच. मुद्दा स्वातंत्र्याचा आहे.” हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू ते त्यानेच मिळवून आणलं होतं. “फोन आपल्याला हवा तसा करून घेता आला पाहिजे. आयकॉन बदला, रंग बदला, बटणं उचलून हवी तिथे ठेवा. ह्याच्यात तर नुसत्या घड्याळाची पन्नास डिझाइनं आहेत. त्याच्यात फार नाही बदलता येत. म्हणून मी म्हणतो, हाच घ्यावा.”

हे खिडकीपाशी आपल्या खुर्चीत होते. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने आपल्या जुन्या फोनवरचं एक बटण दाबलं. फोनमधून त्यांचा आवाज आला, पहिल्यासारखा खणखणीत. “आधी माप द्या, भाव मग.”

मुलगा हसला. “बाबा आज फॉर्मात आहेत.” आणि पुन्हा फोनकडे वळला.

ते विनोद करत नव्हते. मला लगेच कळलं होतं, आणि मी गप्प बसले, कारण ताटं निवत होती.

हे शिंपी. पण नवीन कपडे शिवणारे नव्हेत, तयार कपडे आल्टर करून देणारे. कुणाची बाही लांब, कुणाची कंबर ढगळ, कुणाचा एक खांदा उतरलेला. पुढच्या खोलीत दुकान, दोन मशीनं. एकावर हे, दुसऱ्यावर मी काज-बटणं करायला. ह्यांचं एक म्हणणं होतं. तयार कपडा कुणाच्याच मापाचा नसतो, तो दुकानाच्या मापाचा असतो. शिंप्याचा वायदा म्हटलं की लोक हसतात, पण ह्यांचा वायदा तसला नव्हता. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की हे सरळ नाही म्हणून मोकळे व्हायचे. मात्र एकदा दोन दिवस म्हणाले की दोन दिवसांनी कपडा घडी करून तयार.

मग झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. समजतं सगळं. बोलायला जातात आणि तोंडातून नुसता घरघराट येतो. लिहून दाखवा म्हटलं तर अक्षरं एकमेकांत अडकतात. पहिले काही महिने ह्यांनी मान भिंतीकडेच ठेवली होती. मला वाटायचं, माणूस जिवंत आहे आणि घरात नाही.

मार्ग काढला तो व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी. त्यांनी ह्यांचा फोन चाळला तर त्यात गिऱ्हाइकांना पाठवलेले आवाजी निरोप साठलेले. ह्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून वर्षानुवर्षं सगळं बोलूनच पाठवलेलं. बाईंनी त्यातला एक तुकडा कापला, पडद्यावर त्याचं मोठं बटण केलं आणि ह्यांचा अंगठा त्यावर ठेवला. “फिटिंग झकास बसलंय,” असं फोन ह्यांच्या आवाजात म्हणाला आणि हे ढसाढसा रडले. मीही रडले. लाजायचं काय त्यात.

नंतर ह्यांनी बाईंकडून युक्ती शिकून घेतली आणि तो फोन स्वतः आल्टर केला. बटणं डाव्या कडेला, कारण अंगठा तेवढाच पोचतो. रंग दोऱ्याच्या रिळांचे, ज्या क्रमाने खणात असायची त्याच क्रमाने. चहा हवा असला की “कापड कमी पडतंय.” न्हाणीघरात जायचं की “अर्जंट आहे.” उशी टोचली की “काखेत धरतंय.” दमले की “लाइट गेलीये.” पोट भरलं नसलं की “बटणं राहिलीत अजून.” नातेवाइकांना वाटायचं म्हातारा चळला. आमचं मात्र व्यवस्थित चाललं होतं. भांडणसुद्धा करता यायचं, आणि ज्या नवरा-बायकोला भांडता येतं त्यांचं सगळं ठीक चाललेलं असतं.

सगळ्यात वरचं लाल बटण माझं. कुणाला तरी निरोप देता देता हे मध्येच माझ्यावर ओरडले होते, तेही त्यात आलं होतं. “अगं ए, कात्री कुठे ठेवलीस?” ते वाजलं की मी हातातलं टाकून यायची. कात्री कुणालाच नको असायची. ती माझी हाक होती.

फोनला ह्यांच्या जुन्या कोटाच्या कापडाचं कव्हर होतं. ते मीच शिवलं होतं, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावून, म्हणजे हातातून निसटायला नको.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला तो नवा फोन घेऊन. सकाळीच “बॅटरी दाखवून आणतो” म्हणून जुना घेऊन गेला होता. आता त्याने खिशातून ते कापडी कव्हर काढलं आणि माझ्या हातात दिलं. रिकामं.

“जुना कुठेय?”

“एक्स्चेंजमध्ये दिला. चांगली सूट मिळाली. नाहीतरी काच फुटलीच होती. फोटो, नंबर सगळं आणलंय यात.”

“आणि बटणं?”

“अगं, ती कशाला आता? यात बोलायचं ॲप आहे. बाबांनी टाइप करायचं, फोन बोलणार. तीच तीच शिंप्याची वाक्यं किती दिवस ऐकायची? बघ तर खरं.” त्याने फोन ह्यांच्या मांडीवर ठेवला. चकचकीत, पाटीएवढा. पडद्यावर लिहून आलं, आवाज निवडा. खाली पाच नावं. त्याने एकेक दाबून ऐकवलं. दोन बायका, तीन पुरुष, सगळे बातम्या दिल्यासारखे बोलणारे.

“बाबा, कुठला आवडला?”

ह्यांनी फोनकडे बघितलं, मग मुलाकडे, मग डावा अंगठा पडद्याच्या वरच्या कडेला नेला, जिथे लाल बटण असायचं. तिथे घड्याळ होतं. पन्नास डिझाइनांतलं एक. ते दाबून दाबून बघितलं आणि मग हात खाली ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घातल्या आणि मुलाला म्हटलं, चल दुकानात.

दुकान म्हणजे नुसता लखलखाट. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं, ‘तुमचा फोन, तुमची मर्जी’. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“तो फोन रिसेट झालाय, मॅडम. आतलं सगळं पुसलं. नियमच आहे. तुमच्याच सुरक्षिततेसाठी.”

“मला कुणी विचारलं?”

“साहेबांनी संमती दिली ना.”

“साहेबांचा फोन होता का तो? ज्याचा होता त्याला तोंड नाही. त्याचं तोंड त्या फोनमध्ये होतं आणि ते तुम्ही पुसून टाकलंत.”

शेजारचं गिऱ्हाईक बघायला लागलं. मग काउंटरवाल्याने खालून एक पारदर्शक कव्हर काढलं आणि म्हणाला, “हे आमच्याकडून फ्री घ्या.”

मी ते तिथेच ठेवलं. मुलगा माझा दंड धरून म्हणत होता, “आई, लोक बघतायत.” बघू देत. मी त्याला रस्त्यावर आणला आणि विचारलं, “तुझ्याकडे असतील ना बाबांचे निरोप? तुला तर रोज पाठवायचे.”

तो खाली बघायला लागला. “माझा फोन जुने निरोप आपोआप काढून टाकतो. जागा भरते म्हणून तसं सेटिंग केलंय.”

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. एवढा मोठा झालेला, टक्कल पडायला लागलेला माणूस, पण वाटली. ज्याच्या फोनमध्ये चंद्र मावतो त्याच्या फोनमध्ये बापाचा आवाज मावला नाही. प्रेमापोटीच केलं त्याने, मला का कळत नाही? पण प्रेमाने कापलं म्हणून चुकीचं कापलेलं कापड जुळत नाही. जन्मभर स्वातंत्र्य स्वातंत्र्य करतो. बापाने एका अंगठ्याने फोन आपल्या मापाचा करून घेतला होता, ते ह्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ह्याला दिसली ती फुटकी काच.

त्या आठवड्यात हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. मला बोलवायचं असलं की डाव्या बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती धातूची टोपी, खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचे. टक टक. कुणीतरी परक्याने दार ठोठावावं तसं वाटायचं ते. मी प्रत्येक वेळी दचकायची आणि मग मला रागाने रडू यायचं.

शेवटी मी उठले आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात गेले. मागायला लाज वाटली, पण गेले. शाळेतल्या शिपायाने फोन बदलला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी असलं काही ठेवत नाही. बेकरीवालीने मात्र पिठाचे हात पुसून फोन काढला आणि बोटाने वर वर सरकवत गेली. “मी काही पुसतच नाही, ताई. येत नाही मला.”

आणि पाव भाजल्याच्या वासात ह्यांचा आवाज आला. “बाई, ॲप्रनचा खिसा उसवून नवा लावलाय.” मी तिच्या स्टुलावर बसून घेतलं. तिच्याकडे बरेच निघाले. बहुतेक नकाराचेच. आज नाही जमणार. थांबा जरा. कापड आटलंय त्याला मी काय करू. बेकरीवाली डोळे पुसत हसत होती, “किती खडूस होते हो.”

“आहेत,” मी म्हटलं.

व्यायामाच्या बाईंनी ते तुकडे नव्या फोनवर चढवले आणि बटणं डावीकडे घेतली. तेवढं मानायला हवं, फोन आपण सांगू ते ऐकतो. जुनं कव्हर लहान पडत होतं. ह्यांनी डाव्या हाताने खडूची रेघ मारून दाखवली, मी उसवलं, दोन्ही कडांना कापड वाढवून पुन्हा शिवलं. कात्रीची हाक मात्र मिळाली नाही. कुणाला निरोप देताना ओरडले होते ते कुणास ठाऊक. वरची लाल जागा रिकामीच ठेवली आहे आणि अंगुस्तान वाजतंय.

रविवारी मुलगा आला. बूट दारातच काढून ह्यांच्यापुढे खाली फरशीवर बसला. लहानपणी दुकानात चिंध्या गोळा करायला बसायचा तसा.

“बाबा, चुकलं माझं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.” त्याने ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माफ केलंत ना?”

ह्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, माप घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं. अंगठा बटणांवरून फिरला, थांबला, एका करड्या बटणावर टेकला.

“आज नाही जमणार,” फोनमधून ह्यांचा आवाज आला, मागे आमचं मशीन चालू असलेलं. “दोन दिवसांनी या.”

मुलाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि उठला.

“येतो परवा,” तो म्हणाला आणि बुटाच्या नाड्या न बांधताच जिना उतरला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होते, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मग अंगुस्तान वाजलं, आणि मी चहा टाकायला उठले.