आईची एकच फाइल

स्वतःला हुशार समजणं हा माझा जुना आजार आहे. म्हणून नवा कम्प्युटर घेताना दुकानदार "माणूस पाठवतो, मॅडम" म्हणाला, ते मी कानाआड केलं. जुन्या सीपीयूतली हार्ड डिस्क काढायची, नव्यात बसवायची, दोन वायरी जोडायच्या. त्यासाठी माणूस कशाला हवा, असं म्हणत मी गुरुग्रामहून द्वारकेला बाबांकडे गेले.

जुना कम्प्युटर आईचा होता. ती गेल्यापासून तो बंद होता आणि गेल्या आठवड्यात बाबांनी चालू केला तेव्हा नुसताच पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. बाबांना त्यातलं एकच पान हवं होतं. येत्या रविवारी आईला जाऊन वर्ष होत होतं. हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि आम्हा बौद्धांकडे अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतात. दिल्लीतल्या आमच्या मंडळात हे जीवनपरिचय आईच लिहायची आणि मंडळाचे सचिव म्हणून बाबा ते माइकवर वाचायचे.

"माझा मीच लिहून ठेवलाय," ती एकदा मला म्हणाली होती. "तुझ्या बाबांवर सोडलं तर ते माझं सर्व्हिस बुक लिहितील."

ती त्यांना बरोबर ओळखून होती. बाबा केंद्र सरकारात अवर सचिव होते. पंधरा दिवस खपून त्यांनी आईवर सात ओळी लिहिल्या होत्या. जन्म भंडाऱ्याचा, लग्न, दिल्लीच्या शाळेत नेमणूक, कायम झाल्याची तारीख, निवृत्ती.

"यात आई कुठे आहे?" मी विचारलं.

"म्हणूनच तुला बोलावलं," ते म्हणाले. मला एकदम वाईट वाटलं.

जुना सीपीयू उघडला तर आत बोटभर धूळ. बाबा बॅटरी धरून शेजारी उभे. डिस्क हातात घेतल्यावर त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही लिहिते कशी?"

"आत तबकड्या फिरतात."

"म्हणजे ग्रामोफोन."

"तसंच काहीतरी," मी म्हटलं, कारण पुढचं मला सांगता आलं नसतं.

डिस्क नव्या सीपीयूत बसली. चार स्क्रूंपैकी दोन सापडले, तेवढ्यावर भागवलं. कम्प्युटर चालू केला तर डिस्क दिसेना. मी सेटिंगमध्ये शिरले, दोन व्हिडिओ पाहिले, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. अर्ध्या तासाने बाबा खाकरले.

"हिला करंट कुठून मिळतो?"

मी एकच वायर जोडली होती. विजेची वायर बाजूला तशीच लोंबत होती. पुढची पाच मिनिटं मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग डिस्क घरघरली आणि पडद्यावर आली. 'शैला' या आईच्या नावाचं फोल्डर उघडायला गेले तर सूचना आली, या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही.

"सक्षम अधिकारी कोण?" बाबांनी गंभीरपणे विचारलं.

मी खालचं बटण दाबलं आणि फोल्डर उघडलं.

"एवढंच?" बाबा जरा नाराज झाले. उभा जन्म परवानग्यांच्या फाइली हलवण्यात गेलेल्या माणसाला ते फार स्वस्त वाटलं असणार.

आत 'जीवनपरिचय फायनल' नावाची फाइल होती. उघडली. वर लिहिलं होतं, 'कालकथित कुमुदताई.' कुमुदताई म्हणजे आमच्या जुन्या स्नेह्यांपैकी, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, दोन वर्षांपूर्वी गेल्या. आम्ही बाकीच्या फाइली शोधल्या. नव्हत्याच. दहा-बारा वर्षांत आईने वीसेक माणसांवर तरी लिहिलं असेल, आणि फाइल एकच. मी त्या फाइलची माहिती उघडली. तयार झाल्याचं साल अकरा वर्षांपूर्वीचं होतं आणि शीर्षकात अजून पार्वतीबाईंचं नाव होतं. मंडळात सगळ्यात आधी आईने त्यांच्यावरच लिहिलं होतं.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई दरवेळी तीच फाइल उघडायची, जुना मजकूर खोडत त्यावरच नवा लिहायची आणि सेव्ह करायची.

"मीच शिकवलं तिला," बाबा म्हणाले. "ऑफिसात आम्ही तसंच करायचो. मागचं पत्र घ्यायचं, नाव-तारीख बदलायची. दरवेळी नवं कशाला टाइप करायचं?"

म्हणजे आईने स्वतःवर लिहिलं होतं, आणि मग कुमुदताई गेल्या. बाबा खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं, दोन तास चालवलं, त्यातून कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो निघाले.

शेवटी नुसतं बसण्यापेक्षा मी कुमुदताईंचं पान मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'मंडळाच्या सहलीला त्या सर्वांच्या आधी येऊन बसत.'

"काहीतरीच," बाबा म्हणाले. "कुमुदताईंसाठी बस कायम अर्धा तास थांबायची."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या आधी जाऊन बसणारी बाई आमच्याच घरात होती. मी पुढे वाचलं. 'जेवायला कुठेही गेल्या तरी स्वयंपाकाला नावे ठेवत नसत, फक्त हळूच मीठ मागत.'

"कुमुदताईंना बीपी होतं," बाबा उठून बसले. "त्या मिठाला हात लावत नसत. शैला मागायची."

आईने सगळं खोडलं नव्हतं. घाईत काही वाक्यं राहून गेली होती, आणि गेलेल्या माणसाबद्दल कुणी हरकत घेत नाही, म्हणून ती खपली होती. मग आम्ही एकेक वाक्य तपासायला लागलो, हे कुमुदताईंचं, हे आईचं. वर्षभरात बाबांना इतकं हुशारीत आलेलं मी पाहिलं नव्हतं. खालून चौथ्या ओळीवर मी थांबले आणि मग सावकाश वाचलं.

'रोज सकाळी पती त्यांच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत येत. बोलत काहीच नसत. पण बस वळेपर्यंत तिथेच उभे असत. एवढे पाहिल्यावर त्यांना दिवसभर आणखी काही लागत नसे.'

बाबांनी पडद्यावर बोट ठेवत ते पुन्हा वाचलं.

"कुमुदताईंचे विनायकराव मानेसरच्या कारखान्यात होते," ते शेवटी म्हणाले. "पहाटे पाचला कंपनीच्या बसने जायचे. आणि हे मी वाचलंय. शंभर माणसांसमोर, माइकवर."

"तेव्हा कळलं नाही?"

"उच्चारांकडे लक्ष होतं." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी काही सोडायला जात नव्हतो. दूध आणायला जायचो. आर. के. पुरमला राहायचो तेव्हा दुधाचा बूथ स्टॉपच्या शेजारीच होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण बस वळेपर्यंत थांबायचो, हे खरं आहे."

"का थांबायचात?"

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. खात्री करून घ्यायला हवी म्हणाले आणि फोन उचलला. जन्माची सवय, पडताळणीशिवाय कागद पुढे जायचा नाही. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

"जय भीम, यशवंतराव," विनायककाकांचा आवाज आला. बाबांनी आडवळण न घेता विचारलं, तुम्ही कुमुदताईंना सकाळी स्टॉपवर सोडायला जायचात का?

मग काका म्हणाले, "आज ना उद्या कुणीतरी विचारणार, हे ठाऊक होतं. नाही हो. मी कुठला जातो? शैलाताईंनी माझी लाज राखली, म्हणून मीही गप्प बसलो. वैजयंती तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. आईसाठी तुम्ही कधी काही केलं नाही, म्हणायची. त्या दिवशी तुम्ही ते वाचलं, आणि संध्याकाळी पोरगी जवळ येऊन बसली. म्हणाली, पप्पा, हे मला माहीतच नव्हतं. सकाळी आम्ही निघायचो तेव्हा ती झोपलेलीच असायची. तो कागद तिने लॅमिनेट करून ठेवलाय." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सांगून टाकू का तिला?"

बाबा पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहत होते.

"नको," ते म्हणाले. "शैला खोटं लिहायची नाही. राहू द्या. रविवारी या, वैजयंतीलाही आणा."

फोन ठेवल्याबरोबर मी भडकले. "बाबा, ते वाक्य तुमचं आहे. आईने तुमच्याबद्दल अख्ख्या जन्मात एवढंच लिहिलं, आणि तेही तुम्ही देऊन टाकलंत?"

"वैजयंती समोर बसलेली असेल. तेच पुन्हा ऐकलं तर तिला कळायला वेळ लागणार नाही."

"आणि तुमचं काय?"

"मला कळलं ना," बाबा म्हणाले.

रविवारसाठी त्यांनी माझ्याकडून पान टाइप करून घेतलं. त्यांच्या सात ओळी, त्यात सहल आणि मीठ, शब्द थोडे बदलून. स्टॉपचा उल्लेख नाही. मी रागातच प्रिंट काढली.

रविवारी हॉल भरला होता. वंदना झाली. विनायककाका दुसऱ्या रांगेत होते, वैजयंती त्यांच्याजवळ बसली होती. बाबांनी वाचायला सुरुवात केली. मिठावर लोक हसले, दोघी-तिघींनी डोळे पुसले. पान संपलं. मी पाणी घेऊन उठणार तेवढ्यात बाबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि माइकसमोर तसेच उभे राहिले. कागदाशिवाय बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शैलाच्या बसला सकाळी फार गर्दी असायची," ते म्हणाले. "तिला बसायला जागा मिळालेली दिसली की माझं मन ऑफिसात लागायचं. हे तिला सांगायचं राहिलं."