सातवी रास

शिराळ्यामागचं पठार चढताना मनुबाई तीनदा खाली बसली. माथ्यावर दगडांच्या गोल राशी होत्या. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी त्यांच्याखाली आपली माणसं पुरली, असं सांगलीहून संशोधनाला आलेली ऋचा सांगायची. तिनं सात राशींना आकडे दिले होते, आणि आज सातवीपासून त्या उकरायला सुरुवात करायची होती.

"थांब पोरी. ह्यातली एक माझी हाय," मनुबाई धापा टाकत म्हणाली.

ऋचा हसली. "आजी, तुम्ही एवढ्या जुन्या?"

"गुडघ्यास्नी इचार." मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझं पयलं पोर चार दिसांचं गेलं. तान्ह्याला जाळत न्हाईत. मालकांनी हितं पुरलं, आन् कोल्ह्यानं उकरू नये म्हणून ह्या जुन्या राशींगत दगडं रचली. हुबेहूब."

ऋचाचं हसू मावळलं. "कुठली ती?"

मनुबाई बघत राहिली. आपली कडेला होती एवढं तिला आठवत होतं, पण कडेच्या सहाव्या आणि सातव्या राशीत काडीचा फरक नव्हता. दोन्हींवर तसंच शेवाळ, तसंच वाळकं गवत. मालकांनी तिला एकदाच दाखवली होती. ते असते तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. आपण आई आहोत, आपल्याला ओळखू येईलच, असं ती पन्नास वर्षं धरून चालली होती.

"न्हाई गं सांगता येत," ती अखेर म्हणाली.

ऋचानं वहीतले दोन्ही आकडे खोडले. "दोन्ही राहू देत, आजी. मला पाच पुष्कळ आहेत."

मनुबाईनं मान डोलावली. जवळच्या राशीवर तिनं हात ठेवला, आणि थोड्या वेळानं कण्हत उठून दुसरीवरही.