रिंगणाबाहेरची दुश्मनी

कुमुदिनी रिंगणाच्या वरच्या दोराला लाल कापड गुंडाळत होती. दोर जुना, ठिकठिकाणी उसवलेला. पण कापड ताणून बसवलं की लांबून नवाकोरा दिसायचा. तोंडात धरलेल्या सुतळीची गाठ मारणार तेवढ्यात परसराम सेठची स्कूटर मैदानात शिरली आणि थेट खुर्च्यांच्या रांगेला टेकली. स्टँडवर लावायचंही भान सेठला राहिलं नाही.

"भाभी, सत्यानाश झाला!"

परसराम सेठचा सत्यानाश महिन्यातून दोनदा तरी व्हायचाच. मैदान त्याने घेतलेलं, खुर्च्या त्याच्या, तिकिटं उल्हासनगर कॅम्पातल्या त्याच्या कापडाच्या दुकानावर विकली जायची. त्यामुळे आभाळ आलं तरी सत्यानाश आणि ऊन तापलं तरी सत्यानाश. कुमुदिनीने शांतपणे सुतळी तोंडातून काढली.

"आता काय आणि?"

"आपला जल्लाद आणि आपला बबन. सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर. गळ्यात गळा घालून! मैं खुद देखके आया. आणि मी एकटा नाही भाभी, रविवार आहे, भेटायला आलेलं सगळं पब्लिक बघत होतं. रिक्षावाले, चहावाला, सब."

आधी कुमुदिनीच्या डोळ्यांपुढे विकलेली तिकिटंच आली, आणि मग एकदम, चटका बसावा तशी, शालन आठवली. बबनची बायको. दिवस भरलेली.

"दवाखान्यात? अहो, मग शालनचं काय?"

"ते नाही विचारलं. मी धंद्याचं बोलतोय, साईं!"

धंदा म्हणजे 'हिंदवीर फ्री-स्टाईल कुस्ती कंपनी'. कुमुदिनीच्या नवऱ्याने, अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या हिरामणने, कारखान्याची पाळी सांभाळून ती उभी केली होती. हिरामण गेला आणि कंपनी कुमुदिनीच्या गळ्यात पडली. बाईमाणूस पहिलवान काय सांभाळणार म्हणून भावकीने नाकं मुरडली. पण तिने परवाने काढले, रंगाऱ्याकडून बोर्ड रंगवून घेतले आणि पहिलवानांना घरी शिजवून घातलं. कोणी जिंकायचं, कितव्या फेरीत, कोणाच्या कपाळातून रक्त काढायचं, हे तिच्याच ओट्यावर ठरायचं. कुस्त्या ठरीव, पण मार खरा. आपटलेली पाठ तिलाच शेकून द्यावी लागायची.

हिरामणने एक कायदा घालून दिला होता. रिंगणात जे दुश्मन, ते बाहेरही दुश्मन. एकाच टपरीवर चहा प्यायचा नाही, एका गाडीत बसायचं नाही, रस्त्यात गाठ पडलीच तर थुंकून पलीकडे जायचं. मुरबाडला जत्रेच्या खेळाआधी दोन पहिलवान एका ताटात भजी खाताना कोणीतरी पाहिले आणि त्या संध्याकाळी पब्लिकने "नुरा कुस्ती! नुरा कुस्ती!" म्हणत खुर्च्यांच्या फळ्या केल्या. तेव्हापासून कायदा म्हणजे कायदा. म्हणूनच बबन, म्हणजे बोर्डावरचा 'शेर-ए-उल्हास', बुवापाड्यात राहायचा आणि बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा वाळू, म्हणजे 'खुनी जल्लाद', याला तिने उल्हासनगरात खोली घेऊन दिली होती. खेळाच्या दिवशी बबन हार घालून रिक्षातून अंबरनाथभर फिरायचा. वाळूला डोळ्यांत काजळ फासून, कमरेला साखळदंड बांधून टेम्पोत उभा करायचे, आणि तो गुरगुरत सगळे कॅम्प पालथे घालायचा.

"आज खुर्च्या मोडल्या ना भाभी," परसराम सेठ म्हणाला, "तर मी हात काढला. थंडीभरचे खेळ द्यायचे म्हणत होतो तुला. इथे, अंबरनाथला, बदलापूरला. पण घराघरांत केबल आलंय. गोरे पहिलवान फुकटात दिसतात. लोक आपल्याकडे येतात ते खरी दुश्मनी बघायला. तीच गेली तर काय विकायचं?"

तो खोटं बोलत नव्हता. थंडीचे खेळ गेले तर दोर, तक्ते, टेम्पो, सगळं विकून कंपनी बंद करायची, हे तिने मनाशी कधीच धरलं होतं. तिने पदर खोचला, समोरून जाणारी रिक्षा थांबवली आणि दवाखाना गाठला.

दोघे अजून तिथेच बसले होते. बबनच्या गळ्यात सकाळचा झेंडूचा हार तसाच, नुसता चुरगाळलेला. वाळू त्याच्या शेजारी ग्लुकोजची बिस्किटं खात होता. कमरेचा साखळदंड त्याने मांडीवर गोळा करून घेतला होता. समोरच्या बाकड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून टक लावून बघत होत्या.

तिला पाहताच बबन ताडकन उठला. "वहिनी, पोरगी झाली. पण शालनला लई रक्त गेलं. माझं रक्त जुळेना. डॉक्टर म्हणाले, आत्ता माणूस आणा. मी रस्त्यावर धावलो तर..."

"तर आपलाच टेम्पो चाललेला," वाळू म्हणाला. "भोंगा वरडतोय, खबरदार, जल्लाद आला हाय! आन हा मधी उभा. रडतोय. मंग मी मारली उडी."

"आणि ही साखळी?"

"कुलपाची चावी डायवरकडं ऱ्हायली. त्याला वाटलं आपला खेळच चाललाय, तो गेला भोंगा वाजवत पुढं. नर्सबाय बोलली, आधी ही काढ. मी बोललो, बाय, रक्त दंडातून घ्येतात ना? मंग कमरंचं काय?"

कुमुदिनीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. ती तशीच आत गेली. शालन पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडे होते. कुशीत मूठभर पोर. कुमुदिनीने तिच्या कपाळावर हात ठेवला. गार नव्हतं.

"वहिनी, कायदा मोडला म्हणून वाळूभावजींना काढू नका," शालन पुटपुटली.

"गप गं. कायदा गेला चुलीत," कुमुदिनी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला इतकं हलकं वाटलं, की ती खाटेच्या कडेवर बसूनच राहिली.

बाहेर येते तो परसराम सेठही दवाखान्यात येऊन ठेपलेला. पण आता त्याचा चेहरा उजळला होता. त्याने तिला जिन्याखाली ओढलं.

"भाभी, देवाने दिमाग दिला! आपण माईकवर सांगू. दुश्मनाच्या बायकोला जल्लादने खून दिया! टेम्पो परत फिरव. बच्ची को भी दोन मिनिट दाखवू. डबल पब्लिक येईल, लिहून घे!"

येईलही, तिला वाटलं. येईलच. कोणी खुर्ची मोडणार नाही, उलट माणसं डोळे पुसतील. क्षणभर तिला थंडीचे सगळे खेळ समोर दिसले. मग खाटेवरचा तो पांढराफटक चेहरा आठवला.

"नाही सेठ."

"अरे, का नाही?"

"मी मार विकते. रक्तही विकते, कपाळावरचं. पण बाळंतपणाला तिकीट लावायचं नाही."

"मग संध्याकाळी काय सांगणार त्यांना?"

"काहीच नाही. खेळ ठरलाय तसा होईल. जे व्हायचं ते होऊ दे."

परसराम सेठ कपाळाला हात लावून निघून गेला. शालनची आई बदलापूर गावातून आली तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरांनी दोघींचीही काळजी नाही म्हणून सांगितलं, तरी बबन दारातून हलेना. शेवटी शालननेच त्याला हाकललं. "जा ना. मार खाऊन या लवकर," ती म्हणाली.

वाळूला कुमुदिनी सांगत होती, आज तू उतरू नको, मी काहीतरी जमवते. तो ऐकेल तर शपथ. "आज मना हरायचाच हाय ना वहिनी? हरायला कवढी ताकद लागतंय?"

संध्याकाळी मैदान भरलं. भरलं म्हणजे चिक्कार भरलं. पुढच्या खुर्च्या, मागची जमीन, भिंतीवरची पोरं. कुमुदिनीला त्याचा आनंद होईना. मुरबाडलाही असंच भरलं होतं. किरकोळ जोड्या झाल्या, टाळ्या पडल्या, आणि भोंग्यावर जल्लादचं नाव पुकारलं गेलं.

वाळू साखळदंड ओढत रिंगणात आला. आणि मैदान गप्प झालं.

एवढी माणसं आणि चिडीचूप. वाळूने छाती बडवली, दात विचकले. कोणी काही बोलेना. दुसऱ्या कोपऱ्यात बबन अवसान गळाल्यासारखा उभा होता. परसराम सेठ डोळे मिटून कसलातरी जप करत होता. कुमुदिनीने रिंगणाचा खांब घट्ट धरला. आता पहिली खुर्ची उडणार, तिने मनात म्हटलं.

"अरे ए मुडद्या!"

बायकांच्या बाजूने आवाज आला. भाजीबाजारात मेथी विकणारी बनूबाई कंबरेवर हात देऊन उठली होती. एकही खेळ तिने चुकवला नव्हता आणि तिच्याइतकं तोंड अख्ख्या कॅम्पात कोणाचं नव्हतं.

"थोबाड बघितलंस का आरशात, काळतोंड्या? तुझ्या तंगड्या मोडल्या नाहीत तर बघ! बबन्या, बघतोस काय त्याच्याकडे? घाल लाथ!"

आणि धरण फुटल्यासारखं मैदान फुटलं. शिट्ट्या, शिव्या, मराठी, हिंदी, सिंधी, सगळ्या भाषांतून वाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. वाळूचा चेहरा खुलला. तो दुप्पट जोराने गुरगुरला आणि बबनच्या अंगावर धावून गेला. परसराम सेठने डोळे उघडले, चारी बाजूंना पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला.

कुमुदिनीला मात्र काहीतरी वेगळं जाणवत होतं. ते काय, हे कळायला तिला दोन फेऱ्या लागल्या. जल्लाद उतरला की त्याच्यावर सडके टोमॅटो यायचे, अंडी यायची, एकदा तर चपलेने त्याची भुवई फुटली होती. आज शिव्यांचा नुसता पाऊस चालला होता, पण रिंगणात संत्र्याचं सालही येऊन पडलं नव्हतं. मागे एका पोराने अंडं उगारलं तर शेजारच्या म्हाताऱ्या सिंधी बाबाने त्याचं मनगट धरून हात खाली केला, आणि लगेच स्वतः मूठ हवेत नाचवत ओरडला, "मारो साले को!"

दुसरी फेरी संपल्याची घंटा झाली. वाळू कोपऱ्यात टेकून धापा टाकत होता. बनूबाई वाट काढत रिंगणाशी आली आणि कुमुदिनीच्या शेजारी उभी राहिली. घसा बसलेला, डोळ्यांत अजून आग.

"पोरगी झाली म्हणे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"बाळंतीण बरी?"

"बरी आहे. आता बरी आहे."

"मग झालं. उद्या मेथीची जुडी देते, नेऊन दे तिला." बनूबाईने वाळूकडे पाहिलं. "आणि त्या मुडद्याला सांग, रक्त दिलंयस आज, फार उड्या मारू नको म्हणावं. लवकर पड म्हणावं."

"म्हणजे, तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"काय ते?" बनूबाई म्हणाली. "मला काय माहीत असणार? मी तिकीट काढून येते बाई."

घंटा झाली. बनूबाई गर्रकन वळली आणि नरडं ताणून ओरडली, "ठेच त्याला बबन्या! जिता सोडू नको!"

कुमुदिनी रिंगणाच्या तक्त्याला टेकून जमिनीवर बसली. हिरामण असता तर, तिला वाटलं, आपण इतकी वर्षं राखलेलं गुपित पब्लिकही राखत होतं हे कळून तोही असाच खाली बसला असता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने येऊ दिलं. वर तक्ते दणदणत होते.

ती उठली तेव्हा वाळूने बबनला दोरावर दाबून धरलं होतं. कंपनी हाती आल्यापासून खेळ चालू असताना तिने कधी आवाज काढला नव्हता. ते मालकाचं काम नव्हे. आज तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"सोड त्याला, जल्लादा! मुडद्या, सोड!"

वाळूने मान वळवली. काजळाने बरबटलेले डोळे तिच्यावर रोखले, सगळे दात दाखवले, आणि वहिनीकडे बघून असा काही गुरगुरला की पुढच्या रांगेतल्या बाया किंचाळून मागे सरकल्या.